कण मागे काय ठेवतो

ज्येष्ठ लागून समुद्र गढूळला आणि यांत्रिक नौकांची मासेमारी सरकारी हुकुमान्वये बंद झाली, म्हणजे मालवणच्या किनाऱ्यावरील होड्या माडांच्या आडोशाला ओढून घेतल्या जातात, त्यांच्यावर ताडपत्र्यांची शाकारणी होते, आणि वर्षभर खाऱ्या पाण्याशी झुंजलेली त्यांची यंत्रे उचलून दुरुस्तीच्या शेडमध्ये येऊन पडतात. दांडीवरील अशाच एका शेडचे मालक आमच्या शेजारचे. सारी वाडी त्यांना मामा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. चाळीस वर्षे त्यांनी डिझेल इंजिने खोलण्यात आणि बसविण्यात घालविली. त्यांचा सख्खा भाचा मालवणच्याच शासकीय तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन गोव्यातील एका जहाजबांधणी कारखान्यात लागला, आणि लोखंड रंगाजोगे स्वच्छ झाले की नाही याची तपासणी करणे हेच तेथे त्याचे नित्याचे काम झाले. गेल्या आषाढात तो रजेवर आला असताना या दोघांमध्ये जो वाद झाला, त्याला मी आरंभापासून अखेरपर्यंत साक्षी होतो. बोलणे अर्थातच मालवणीत झाले. ते मी येथे लेखी भाषेत उतरवीत आहे, आणि कोणाच्याही म्हणण्याचा आशय बदलू नये एवढी काळजी घेतली आहे.

वादाचे निमित्त होते पांढऱ्या वाळूच्या आठ गोण्या. मामांनी कर्ज काढून एक कॉम्प्रेसर, एक हॉपर आणि नोझल असा संच आणविला होता, आणि त्यात भरण्यासाठी कणकवली तालुक्यातून, कासार्डे-पियाळीच्या बाजूच्या खाणींतली सिलिका वाळू मागविली होती. भाच्याने गोणीत हात घातला, मूठभर वाळू उजेडाकडे धरली, ती पुन्हा गोणीत सोडून दिली आणि म्हणाला, “मामा, ही वाळू यंत्रात घालू नका.”

मामांना ते लागले. ते म्हणाले, “झिला, माझी कैफियत आधी ऐकून घे, मग मनाई कर. काचकागद, तारेचा ब्रश, खरडणी आणि रॉकेल एवढ्या चार साधनांवर माझा जन्म गेला. एक मॅनिफोल्ड साफ करायला माणसाचा आख्खा दिवस मोडतो, आणि तरी कोपऱ्याकोपऱ्यांतला गंज राहतोच. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन होड्या पाण्यात लोटायच्या, तोवर माझ्यापुढे वीस इंजिने रांगेत असतात. ही वाळू आपल्या जिल्ह्याची. बाहेरच्या काचेच्या आणि ओतकामाच्या कारखान्यांना ती चालते, मग आमच्या गंजालाच का चालू नये? शिवाय ती स्वस्त आहे, आणि कापते कशी ते तू पाहिलेले नाहीस. काल एका बिडाच्या नळीवर मी मारून पाहिली. दहा मिनिटांत धातू चांदीसारखा उघडा पडला.”

“ती कापते हे मला मान्यच आहे,” भाचा म्हणाला. “फिलाडेल्फियाच्या बेंजामिन टिल्घमन याने १८७० साली या युक्तीचे पेटंट घेतले ते वाळूच्याच जोरावर, आणि पुढे साऱ्या जगाने वाळूच वापरली. म्हणून तर या कामाचे नाव आजही सँडब्लास्टिंग आहे. परंतु ज्या इंग्लंडात तिचा एवढा प्रसार झाला, त्याच इंग्लंडाने १९४९च्या नियमांनी ओतीव वस्तू साफ करण्याच्या या कामातून वाळू काढून टाकली. इतकी स्वस्त आणि इतकी कापणारी वस्तू कारखानदार उगीच सोडील काय?”

मग त्याने जे सांगितले ते मी तरी इतक्या स्पष्टपणे पूर्वी कधी ऐकले नव्हते. वाळूचा कण लोखंडावर आदळला की लोखंडावरचा गंज जसा फुटतो, तसा तो कण स्वतःही फुटतो. आणि त्या फुटीतून जी भुकटी उडते तिचा डोळ्यांना दिसणारा भाग निरुपद्रवी म्हणावा इतपत असतो, कारण तो नाकातच अडतो अथवा जमिनीवर बसतो. धोका असतो न दिसणाऱ्या भागाचा. मिलिमीटरचा शंभरावा भाग घेतला तर त्याहूनही बारीक असलेले हे कण तासन्‌तास हवेत तरंगतात, श्वासाबरोबर फुप्फुसाच्या अगदी तळच्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि तेथेच राहतात. शरीरातील रक्षक पेशी त्यांना गिळतात, परंतु पचवू शकत नाहीत. त्या पेशी मरतात, त्यांच्या जागी व्रण धरतो, आणि मऊ फुप्फुस हळूहळू वाळलेल्या चामड्यासारखे कठीण होत जाते. या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. तो बरा करणारे औषध नाही. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो, आणि क्षयाला तर तो दार उघडूनच देतो. भारतात त्याची नोंद प्रथम झाली ती १९३४च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत. १९४८च्या कारखाने अधिनियमाने त्याला कळविणे बंधनकारक असलेल्या रोगांच्या यादीत घातले, आणि महाराष्ट्राच्या १९६३च्या कारखाने नियमांनी हवेच्या दाबाने कण मारण्याचे हे कामच धोकादायक कामांत जमा केले. तुर्कस्तानात नव्या जीनच्या कापडाला जुनेपणाची कळा आणण्यासाठी हीच वाळू मारीत असत. तेथले तरुण कामगार दोनचार वर्षांतच धापा टाकू लागले, तेव्हा २००९ साली त्या सरकारला ती प्रथा बंद करावी लागली.

मामा काही वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “कोलारला भुयार होते, तुर्कस्तानात कोंदट खोल्या असतील. माझी शेड चारी बाजूंनी मोकळी आहे आणि समोर समुद्राचा वारा आहे. वर मी तोंडाला ओला पंचा बांधतो.”

“पंचा दिसणारी धूळ अडवितो, मामा, आणि दिसणारी धूळ हा आपला शत्रूच नव्हे. वाऱ्याचे म्हणाल, तर तो ती भुकटी नाहीशी करीत नाही, शेजारच्या अंगणात नेऊन टाकतो. आणि तुम्ही नोझल धरता तेव्हा वाऱ्याकडे पाठ करून उभे राहता, परंतु हॉपरमध्ये वाळू ओतणारा, खाली सांडलेली झाडून पुन्हा भरणारा तुमचा गडी कोठे उभा असतो ते तुम्ही कधी पाहिले आहे?”

गडी तेव्हा शेडच्या दुसऱ्या टोकाला गोण्या मोजीत होता. एकोणीस-वीस वर्षांचा पोर, तारकर्लीच्या बाजूचा. आमच्या तिघांच्याही नजरा एकदमच त्याच्याकडे वळल्या.

येथे मला माझे मत नमूद करावेसे वाटते. कायदा झाला, नियम झाले, परंतु कामगारांची ठरावीक संख्या भरल्यावाचून तो कायदा शेडचा उंबरा ओलांडीत नाही. आणि आपल्या किनाऱ्यावरच्या बहुतेक शेडमध्ये एक मालक, एक गडी आणि सुट्टीत आलेला एखादा भाचा यांच्यापलीकडे मनुष्यबळ नसते. तेथे खोकणाऱ्या माणसाला क्षयाच्या गोळ्या मिळतात, कारण दोन्ही रोगांची बाह्य लक्षणे सारखी दिसतात, आणि तो काय काम करीत होता हे सहसा कोणी विचारीत नाही. अशा माणसाची नोंद कोणत्याच दफ्तरी होत नाही. म्हणून ज्या ठिकाणी निरीक्षक पोहोचत नाही, त्या ठिकाणी ज्ञान तरी पोहोचले पाहिजे, असे मी मनापासून मानतो. आणि हा संवाद लिहून काढण्याचे कारणही तेच आहे.

“बरे, वाळू नको,” मामा म्हणाले. “मग काय घालू ते सांग. नुसती मनाई करणारे पुष्कळ भेटतात.”

भाच्याने गार्नेटचे नाव घेतले. हा लालसर, टोकदार खडा निसर्गतःच दक्षिणेच्या आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरील रेतीत सापडतो. त्याच्यात सिलिका रासायनिक बंधनात असते, मोकळ्या स्फटिकाच्या रूपात ती नाममात्र, म्हणून फुप्फुसाला त्याचा धोका वाळूच्या मानाने फारच थोडा. तो वाळूहून जड असल्याने घाव खोल घालतो, आणि फुटतो कमी. त्याच्या खालोखाल तांबे गाळताना उरणारी काळी मळी, म्हणजे कॉपर स्लॅग. ती स्वस्त, परंतु एकदाच वापरण्याची, आणि तिच्यात कोणकोणत्या धातूंचे अंश उरले आहेत याची खात्री करून घेतल्यावाचून तिला हात लावू नये. त्याच्याही पुढे पोलादाची ग्रिट, जी शेकडो वेळा फिरवून वापरता येते.

“गार्नेटची गोणी वाळूच्या कितीतरी पट महाग,” मामा म्हणाले.

“गोणीचा भाव पाहू नका, गोणीमागे किती लोखंड साफ होते ते पाहा. वाळू एका माऱ्यात पीठ होऊन जाते. गार्नेट जपून गोळा केले, चाळून घेतले, तर तीनचार वेळा तरी मारता येते.”

“गोळा कोठून करू? माझी जमीन मातीची आहे, आणि बाहेर पाऊस कोसळतो आहे. आणि ती तुझी पोलादी ग्रिट? जी शेकडो वेळा चालते म्हणतोस, ती या हवेत पंधरा दिवस ठेव आणि मला दाखव. गोणी फोडशील तेव्हा आतून एकच गोळा निघेल, गंजाचा. तुमच्या कारखान्यात बंदिस्त खोल्या आहेत, हवा कोरडी करणारी यंत्रे आहेत. तेथला हिशेब येथे लावू नकोस.”

हा मुद्दा बिनतोड होता आणि भाच्याने तो प्रांजळपणे कबूल केला. ग्रिटचे नाव त्याने पुन्हा काढले नाही. परंतु गार्नेटच्या बाबतीत त्याने एक तोड सुचविली. मोठ्या उघड्या माऱ्याऐवजी लाकडी पेटीसारखे एक बंद कपाट करावे, त्याला काचेची खिडकी आणि हात घालायला रबरी मोजे बसवावेत, धूळ ओढून घेणारा पंखा पिशवीसकट मागे जोडावा, आणि हाताएवढे भाग त्यातच साफ करावेत. म्हणजे कण बाहेर जाणार नाही, पाऊस आत येणार नाही, आणि तोच माल खाली जमून पुन्हा वर चढेल. मामांच्या कॉम्प्रेसरलाही तेच झेपेल, असे तो म्हणाला. कारण नोझलचे भोक पाव इंचाचे घेतले आणि दाब शंभर पौंडांचा ठेवला, तर मिनिटाला सुमारे ८० घनफूट हवा लागते. तेच भोक निम्मे, म्हणजे दोन सुताऐवजी एका सुताचे घेतले तर २० घनफुटांत भागते. मामांच्या यंत्राची ताकद या दुसऱ्या आकड्याच्या आसपासची. मारा सुरू केल्यावर पाचच मिनिटांत दम का तुटतो, याचे कोडे मामांना तीन दिवस सुटलेले नव्हते. ते येथे सुटले. कण नोझललाही खात जातो, भोक रुंदावत जाते, आणि धनी मात्र कॉम्प्रेसरला दोष देत बसतो, ही पुस्ती भाच्याने जोडली.

“आणि बारीक कण घ्या,” तो पुढे म्हणाला. “मोठा कण मोठा घाव घालतो, म्हणून काम लवकर होईल असे वाटते. परंतु एक किलो बारीक मालात कणांची संख्या कितीतरी पटींनी अधिक असते, आणि पातळ गंज एका मोठ्या घावाने निघत नाही, हजार लहान घावांनी निघतो. जाड पापुद्रे असतील तेथेच भरड माल वापरावा.”

येथपर्यंत वाद पैशाचा आणि फुप्फुसाचा होता. पुढे तो धातूचा झाला, आणि मला वाटते की त्याचा खरा गाभा तेथेच उघडा पडला.

मामांनी मेजावर तीन वस्तू मांडल्या: काजळी धरलेला अॅल्युमिनियमचा पिस्टन, पंख्याचा स्टेनलेस स्टीलचा शाफ्ट, आणि तपकिरी पापुद्र्यांनी फुगलेली एक लोखंडी बैठक. “या तिन्हींना तुझे गार्नेट चालेल?”

“नाही. बैठकीला चालेल. शाफ्टवर आधी लोखंडावर वापरलेले कोणतेही कण मारायचे नाहीत. आमच्याकडे एकदा स्टेनलेसच्या कठड्यावर चुकून पोलादी ग्रिट मारली गेली. कठडा सुंदर दिसू लागला, आणि आठ दिवसांत त्याच्यावर देवीच्या व्रणांसारखे गंजाचे ठिपके उठले. गंज कठड्याचा नव्हता. ग्रिटचे जे सूक्ष्म कण त्याच्या अंगात रुतून बसले होते, त्यांचा होता. म्हणून स्टेनलेससाठी माल वेगळा, कपाट वेगळे, किंवा निदान कपाट धुऊन पुसून, नवीन गार्नेट अथवा काचेचे मणी भरून मगच हात घालावा.”

“आणि पिस्टन?”

“पिस्टनला काचेचे बारीक मणी, हलक्या दाबाने—”

“थांब,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. “येथे मी सांगतो, तू ऐक. सात-आठ वर्षांमागची गोष्ट. येथल्याच एका खलाशाने आपले इंजिन मोठ्या शहरात पाठवून साफ करून आणले. पिस्टन, हेड, सारे नव्यासारखे लखलखीत. लोक पाहायला आले. माझ्या खरडणीला सगळे हसले. होडी पाण्यात गेली आणि चौथ्या फेरीला, निवतीच्या समोर, इंजिन जाम झाले. दुसऱ्या होडीने ओढून आणली. मी खोलून पाहिले तर बेअरिंगच्या बुशांवर ओरखडेच ओरखडे, आणि तेलाच्या वाटेत बोटाला लागणारी चकचकीत पूड. काच होती ती. ज्याने मणी मारले त्याने भाग वरून धुतले असतील, पण तेलाच्या भोकांतून कोणी धुवायचे? त्या दिवसापासून जे फार चमकते त्यावर माझा विश्वास नाही.”

भाचा बराच वेळ पिस्टन हातात फिरवीत होता. मग म्हणाला, “तुमचे खरे आहे. मी जहाजांच्या पत्र्यांवर वाढलो, तेथे कण मागे राहिला तर झाडून टाकता येतो. इंजिनाच्या आत जो भाग फिरतो, ज्याच्यात तेलाच्या वाटा आहेत, त्याला कठीण कण लावूच नयेत. निदान रिंगांच्या खाचा, गॅस्केटची बैठक, लेथवर कातलेले पृष्ठभाग यांना तर नाहीच. त्यांची धार मोडते, आणि मग रिंग बसत नाही.”

“मग मी करतो तेच बरे. डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेवायचा, आणि बांबूच्या पट्टीने खरडायचा.”

“बरेच आहे ते. पण दुसरे उपायही आहेत. खाण्याच्या सोड्याचा मारा करतात. तो कण इतका मऊ की धातूला ओरखडा नाही, आणि मागे राहिला तर पाण्यात विरघळून जातो. आक्रोडाच्या कवचीचा भरडा मारतात. तो काजळी काढतो आणि अॅल्युमिनियम तसेच ठेवतो. विमानांच्या इंजिनांनाही तो वापरीत आले आहेत. नारळाच्या करवंटीचा भरडाही त्याच कामी येतो.”

“करवंटीचा?” मामांच्या चेहऱ्यावर प्रथमच समाधान उमटले. आमच्या तालुक्यात करवंट्यांना तोटा नाही. त्या बंबात जातात. मी उत्साहाने काजूच्या टरफलांचेही नाव घेतले, कारण तीही आमच्याकडे ढिगांनी पडतात. परंतु दोघांनीही एकाच वेळी मान हलविली. काजूच्या टरफलातले तेल कातडीवर फोड उठवणारे, हे येथे लहान मुलालाही ठाऊक असते, आणि ते तेल हवेच्या दाबाने फवारणे म्हणजे अनर्थच. करवंटीही नुसती कुटून चालणार नाही, ती कोरडी, चाळलेली आणि एका मापाची हवी. आणि तिचा भरडा वापरला तरी भाग नंतर फुंकून, धुऊन, वाटांतून तार फिरवून घेतलाच पाहिजे, हे भाच्याने बजावून सांगितले.

“म्हणजे,” मामा सावकाश म्हणाले, “कण काय काढतो हे मी पाहात होतो. तो मागे काय ठेवतो हे पाहायला हवे होते.”

हे वाक्य त्यांचेच आहे, माझे नव्हे. मला ते इतके पटले की त्या संध्याकाळचे पुढचे सारे बोलणे मी त्याच्याच उजेडात ऐकले.

लोखंडी बैठक राहिली होती. तिच्यावर जुन्या रंगाचे नारिंगी थर होते. भाच्याने ते नखाने खरडून पाहिले आणि तो शेंदूर असावा असे सांगितले. पूर्वी लोखंडाला गंजापासून राखण्यासाठी शेंदराचा हात देण्याचा शिरस्ता होता. शेंदूर म्हणजे शिशाचे भस्म, आणि कोरड्या माऱ्याने ते उडाले तर वाळूइतकेच घातक. असा थर ओल्याने, हाताने, तोंड झाकून काढावा आणि त्याची खरवड बांधून ठेवावी, विहिरीच्या आसपास टाकू नये. मला त्या वेळी समोरच्या सिंधुदुर्गाची आठवण झाली. १६६४ साली कुरटे बेटावर त्याचा पाया घातला तेव्हा पायाच्या चिऱ्यांत शिसे ओतले, अशी परंपरा आहे. खाऱ्या पाण्यात लोखंडाचा भरवसा धरू नये, हे ज्ञान या किनाऱ्याला नवीन नाही.

“आता माझी खरी अडचण सांगतो,” मामा म्हणाले. “ही बैठक मी काल अर्धी साफ केली होती. चांदीसारखी झाली. प्रायमरचा डबा उघडेपर्यंत तिच्यावर तांबूस झाक आली. पुन्हा साफ केली, पुन्हा आली. वाळू बदलली तर हे थांबेल?”

“नाही थांबणार. तो दोष कणाचा नाही, मिठाचा आहे. गंजाने लोखंडाला जे बारीक खड्डे पाडलेले असतात, त्यांच्या तळाशी समुद्राचे क्षार बसलेले असतात. आपण मारा करतो, वरचा गंज जातो, धातू चमकतो. खड्ड्यातले मीठ तेथेच राहते, कधी कधी घावाने अधिक घट्ट दाबले जाते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंड पुन्हा फुलते. त्यावर रंग चढवलात तर रंगाखाली फोड धरतात. आम्ही कारखान्यात पत्र्यावर एक लहानशी चिकटपट्टी लावतो, तिच्यात शुद्ध पाणी भरतो, आणि त्या पाण्यात किती मीठ उतरले ते मोजतो. डोळ्यांना स्वच्छ दिसणे ही एक गोष्ट, आणि स्वच्छ असणे ही दुसरी.”

हे ऐकताना मला मालवणचा राजकोट किल्ला आठवल्याशिवाय राहिला नाही. दांडीपासून तो चालत जाण्याच्या अंतरावर आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनी तेथे शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला, आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. त्याच्या थोडेच दिवस आधी त्याचे नटबोल्ट गंजू लागल्याची बाब सार्वजनिक बांधकाम खात्याच्या पत्रात नमूद झालेली होती. त्या पतनाच्या कारणांचा निवाडा करणे माझ्या अधिकारातील नव्हे. परंतु त्या दिवशी सारे मालवण जे सुन्न झाले, त्या सुन्नपणात या किनाऱ्यावरील प्रत्येक होडीवाल्याला, प्रत्येक मेकॅनिकला एक गोष्ट ठाऊक होती: येथे लोखंडाचा एक बोल्टदेखील गृहीत धरून चालत नाही.

“मग धुवायचे कशाने?” मामांनी विचारले. “मे महिन्यात आमच्या विहिरीचे पाणीच मचूळ होते.”

“गोड्या पाण्याने. माऱ्याआधी एकदा, आणि माऱ्यानंतर—”

“पागोळ्यांच्या,” मामा म्हणाले, आणि त्यांनी बाहेर बोट दाखविले. कौलांवरून पाण्याच्या धारा लागल्या होत्या. जिल्ह्यात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो, आणि त्याचा फार मोठा वाटा जून-जुलै या दोन महिन्यांत. “पहिल्या पावसात वाऱ्यावरचे मीठ असते. पण महिनाभर कोसळल्यावर या पाण्याहून गोडे पाणी कोठले? बैठक दोन दिवस पागोळ्याखाली ठेवली तर?”

भाच्याने हात जोडले. ज्या पावसाला तो आल्यापासून शत्रू मानीत होता, तोच या कामातला सर्वांत स्वस्त मदतनीस निघाला. दोन दिवसांत वर थोडा गंज चढेल, परंतु तो माऱ्याने जाईल. मीठ गेले ही खरी कमाई. मग त्याने क्रम सांगितला आणि मामांनी तो खडूने दारावर लिहून घेतला. आधी डिझेल-ग्रीस साबणाने काढायचे, कारण तेलकट पृष्ठभागावर मारा केला तर तेल निघत नाही, पसरते, आणि सारा माल खराब होतो, मग पागोळ्या, मग सुकवणी, मग मारा, नोझल काटकोनात न धरता थोडे तिरपे धरून, मग कोरड्या हवेने फुंकणे, आणि हात न लावता त्याच दिवशी, शक्य तर चार तासांच्या आत, प्रायमर. माऱ्याने लोखंडावर जो खरबरीतपणा येतो, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीइतका, त्यालाच रंग धरून बसतो. तो पुसटला की मेहनत वाया.

ओलाव्याचे भांडण मात्र पुरते मिटले नाही. लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश वर असल्याशिवाय रंग देऊ नये, हा भाच्याच्या कारखान्याचा नियम. आणि आषाढात मालवणला हवा रात्रंदिवस ओलीच. भाचा म्हणाला, मोठे भाग दसऱ्यानंतर करा. मामा म्हणाले, दसऱ्याला होड्या समुद्रात असतात, तेव्हा भाग कोठून आणू? शेवटी लहान खोलीत दोन मोठे दिवे लावून भाग कोमट ठेवायचे एवढे ठरले, आणि त्याने काम किती साधेल याबद्दल भाच्याला शंका राहिलीच. कॉम्प्रेसरच्या हवेतही पाणी असते. टाकीचा खालचा नळ दर तासाला उघडायचा, पाणी अडविणारी फडकी बसवायची, आणि मारा सुरू करण्यापूर्वी नोझलपुढे पांढरा टिपकागद मिनिटभर धरून त्यावर ओल अथवा तेलाचा डाग उमटतो का ते पाहायचे. टिपकागद माझ्याकडे होता. मी घरी जाऊन तो आणला; पहिल्याच खेपेला त्यावर पिवळट डाग पडला, आणि मामांनी काही न बोलता टाकीचा नळ उघडला.

आठ गोण्या पडवीतच होत्या. मामांनी गड्याला हाक मारून त्या यंत्रापासून दूर, ताडपत्रीखाली, अंगणाच्या फरशीच्या भरणीसाठी ठेवायला सांगितल्या. “ओल्या करून मग उचल,” ते म्हणाले, “आणि झाडू नकोस, धुऊन काढ.” नंतर ते भाच्याकडे वळले.

“कपाट झाले तरी ही मोठी बैठक उघड्यावरच मारावी लागणार. गार्नेट असले तरी जुन्या रंगाचा अंश राहणारच, गंज आहे. तुमच्याकडे डोक्यावरून घालायचा तो टोप असतो ना, ज्याच्यात नळीने हवा सोडतात? त्याची किंमत काय पडेल?”

भाच्याने अंदाजाने सांगितली, आणि हवा गाळणारे यंत्र त्याला वेगळे लागते, कॉम्प्रेसरची तेलकट हवा तशीच श्वासाला देता येत नाही, हेही सांगितले.

मामांनी खडू हातात घेतला, दारावर आकडा मांडला, आणि क्षणभर थांबून बाहेर गोण्यांवर पाणी शिंपडणाऱ्या गड्याकडे पाहिले. मग त्यांनी त्या आकड्याची दुप्पट केली.